भाव की भोवळ?



४० वर्षे कीर्तनाची सेवा घडली. त्यात बोललेले एक वाक्य मला अजून टोचते. त्याचीच ही कबुली.

पुरंदवड्याचे गोल रिंगण चालले होते. आमच्या दिंडीतला १९ वर्षांचा पोरगा खांद्यावर पताका घेऊन धावत होता. धावता धावता धाडकन कोसळला. मिनिटभरात त्याने डोळे उघडले. कुणी म्हणाले ऊन लागले, कुणी म्हणाले जागरण बाधले. आणि मी? माळशिरसच्या मुक्कामी कीर्तनात सांगून टाकले, ‘माउलीचा भाव त्याच्या देहात मावला नाही.’ लोकांनी माना डोलावल्या.

कीर्तन संपल्यावर त्याची आई पाया पडायला आली. हळूच म्हणाली, “महाराज, माझा भाऊ २२ वर्षांचा होता. कबड्डी खेळताना असाच पडला, तो उठलाच नाही.”

मला रात्रभर झोप नाही. पहाटेच त्याला घेऊन वारीतल्या वैद्यकीय पथकाकडे गेलो. डॉक्टरीणबाईंनी तीन गोष्टी विचारल्या. धावताना पडला की थांबल्यावर? आधी अंधारी, मळमळ, घाम असे काही झाले का? घरात कुणी तरुणपणी अचानक गेले का? मग म्हणाल्या, “उन्हात तासन्‌तास उभा राहून, आधी गरगरून जो पडतो, त्याचे बहुधा साधे असते. आडवे करून पाय उंच धरले की सावरतो. पण ऐन धावण्यात, काही कळायच्या आत जो पडतो, त्याचे हृदय तपासल्याशिवाय त्याला पुन्हा धावू देऊ नका.”

ईसीजीत दोष दिसला. पुढे शहरात इको केला, तेव्हा हृदयाचा स्नायू जाड झालेला निघाला. हा आजार रक्तातून उतरतो, म्हणून आईची आणि धाकट्या बहिणीचीही तपासणी करून घेतली.

आज तो गोळ्या घेतो. धावत नाही, डॉक्टरांना विचारून सावकाश चालतो, भजनात टाळ धरतो. पुढच्या वारीत त्याच मुक्कामी उभा राहून मी म्हटले, ‘गेल्या वर्षी माझे चुकले. ती भोवळ होती, मी तिला भाव म्हटले.’

दिंडीप्रमुखांना हात जोडून एवढेच सांगणे. तरुण पोर धावताना पडले, तर बुक्का नंतर लावा. श्वास नीट चालत नसेल तर १०८ ला फोन करा आणि छातीच्या मधोमध जोरजोरात दाबत राहा. शुद्धीवर आले तरी ‘काही नाही, ऊन लागले’ म्हणून सोडू नका. भाव कुठे जात नाही, देह जातो.

रामकृष्णहरी.