पेढे वाटून झाल्यावर

रात्रीचे पावणेतीन वाजलेत. मी डाव्या कुशीवर वळते आणि कळतं, सुरू झालंय. दुखत काहीच नाही. चार ठोके घाईघाईत, मग एक फट, मग दोन ठोके एकमेकांच्या अंगावर. मनगटावर दोन बोटं ठेवून मी मोजू लागते. ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवते, त्यामुळे कुठेही क्रम शोधायची खोड आहे. इथे तो सापडत नाही. या आजाराची ओळखच ती आहे.

शेजारी नवरा झोपलेला असतो. पहिल्या वर्षी मी त्याला उठवायचे. आता नाही उठवत. उठून तो तरी काय करणार?

आजाराचं नाव एट्रियल फिब्रिलेशन. घरात आम्ही 'एएफ' म्हणतो, एखाद्या नकोशा पाहुण्याचं नाव घ्यावं तसं. नीट चालणाऱ्या हृदयात वरच्या उजव्या कप्प्यातून विजेचा एक इशारा निघतो आणि सगळे कप्पे त्याच्या मागोमाग आकुंचन पावतात. माझ्या वरच्या दोन कप्प्यांत मात्र अधूनमधून इशाऱ्यांचा गोंधळ माजतो, मिनिटाला ३०० च्याही वर. कप्पे मग धड आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. वरच्या आणि खालच्या कप्प्यांमध्ये एक नैसर्गिक चौकी आहे, ती बरेचसे इशारे अडवते. म्हणून खालचे कप्पे १३०-१४० वर निभावून नेतात.

पहिल्यांदा झालं तेव्हा मी ३८ वर्षांची होते. साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनचा सराव म्हणून यवतेश्वरच्या घाटात पळत होते. वळणावर थांबले, पाणी प्यायले, पण धाप जाईना. दवाखान्यातल्या ईसीजीवर प्रत्येक ठोक्याआधी दिसणारा छोटा उंचवटा गायब होता. तिथे फक्त थरथरती रेघ.

"पण हा म्हाताऱ्यांचा आजार ना?" हे मला इतक्या जणांनी विचारलंय! वयाबरोबर तो वाढतो हे खरं. रक्तदाब, वजन, थायरॉइड, दारू, झोपेत श्वास अडकणं, अशी कारणंही असतात. वर्षानुवर्षं लांब पल्ल्याचं पळणाऱ्या काही जणांनाही तो गाठतो. माझ्या यादीत फक्त हे शेवटचं होतं आणि तेच कारण, असं खात्रीने कुणी सांगत नाही.

आधी गोळ्या झाल्या. मग काही मिनिटांची भूल देऊन विजेचा शॉक. जागी झाले तेव्हा ठोके सरळ होते. ते पाच आठवडे टिकले. मग पुण्याला अ‍ॅब्लेशन. १९९८ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दो इथल्या डॉ. हायसागेर आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की या गोंधळाची ठिणगी बहुतेकदा फुफ्फुसांकडून हृदयात येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी पडते. म्हणून जांघेतल्या शिरेतून बारीक नळ्या हृदयापर्यंत नेतात आणि त्या तोंडांभोवती डागून एक कडं तयार करतात. डागलेल्या जागेतून वीज पुढे जात नाही. हिशोब साधा आहे. पण शरीर भरून यायला बसलेलं असतं आणि कड्यात कुठेतरी फट पडते. माझ्यात सात महिन्यांनी पडली.

दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी फटी बुजवल्या. "पहिले तीन महिने काही झालं तरी ते धरायचं नाही," ते म्हणाले. जखम भरताना ठोके चुकू शकतात. ते तीन महिने मी बारावीच्या निकालासारखे काढले. काहीच झालं नाही. आईने दोन किलो कंदी पेढे आणले. शेजारी, दूधवाला, माझी स्टाफरूम, कुणालाही सोडलं नाही.

पाचव्या महिन्यात, पेपर तपासत असताना, ते परत आलं.

मी अकरा दिवस कुणालाही सांगितलं नाही. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू ठेवली होती, तेवढंच शहाणपण. थरथरत्या कप्प्यात रक्त रेंगाळतं. डाव्या कप्प्याला एक छोटा खिसा असतो, त्यात गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूकडे गेली तर स्ट्रोक. ते मला माहीत होतं. तरी डॉक्टरांना फोन केला नाही. मला आजाराची लाज वाटत नव्हती, पेढ्यांची वाटत होती. इतक्या लोकांनी माझ्या बरं होण्याचा पेढा खाल्ला होता.

आई आमच्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहते. बाराव्या दिवशी डबा द्यायला वर गेले. तिने दार उघडलं आणि डब्याकडे न बघताच विचारलं, "परत आलंय का गं ते?"

"तुला कसं कळलं?"

"दुसऱ्या मजल्यावर थांबलीस तू. आवाज येतो इथे. लहानपणापासून दोन-दोन पायऱ्या चढतेस."

मी तिथेच चपलांच्या रॅकशेजारी बसून रडले. ती म्हणाली, "अगं, पेढे मी वाटले होते. ते परत मागायला कुणी येत नाही."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेले. ते रागावले नाहीत. त्यांनी विचारलं, "झटका किती वेळ टिकतो?" पूर्वी दोन-दोन दिवस टिकायचा, आता चार-पाच तास. "म्हणजे अगदीच फुकट गेलं नाही," ते म्हणाले. हा हिशोब मी केलाच नव्हता. माझ्याकडे पास आणि नापास असे दोनच रकाने होते.

तिसरं अ‍ॅब्लेशन करता येईल. एक जास्त ताकदीची गोळी आहे, पण ती थायरॉइड आणि फुफ्फुसांना त्रास देऊ शकते. किंवा ठोक्यांचा वेग आवरणारी आणि रक्त पातळ ठेवणारी अशा गोळ्या घेत राहायचं. मी सध्या हे शेवटचं निवडलंय. कॅथेटरची भीती नाही वाटत. पुन्हा तीन महिने आशा धरून बसायची वाटते. पुढे कदाचित विचार बदलेल. डॉक्टर म्हणाले, दार उघडं आहे.

आता सकाळी आठ आणि रात्री आठला मोबाइल वाजतो, गोळी घेते. भाजी चिरताना बोट कापलं तर बराच वेळ दाबून धरावं लागतं. अंगदुखीची गोळी मनाने घेत नाही. दिवसातून वीस वेळा ईसीजी काढणारं घड्याळ रात्री ड्रॉवरमध्ये ठेवते. पळणं बंद आहे. अजिंक्यताऱ्यावर चालत जाते, थांबत थांबत. पळणारी पोरं बाजूने जातात तेव्हा अजूनही आत काहीतरी होतं, आणि ते एएफ नसतं.

तुमच्यापैकी कुणाला अशी फडफड होत असेल, तर ती चालू असतानाच ईसीजी काढून घ्या. थांबल्यावर कागद सरळच येतो आणि लोक म्हणतात, टेन्शन घेऊ नकोस. आणि चक्कर, छातीत दुखणं किंवा बोलणं अडखळणं असेल, तर वाट न बघता हॉस्पिटल गाठा.

काल संध्याकाळी पुन्हा दुसऱ्या मजल्यावर थांबले. कठड्याला धरून ठोके मोजत होते. वरून आवाज आला, "थांबलीस का? थांब, घाई नाही. दूध आत्ताच गॅसवर ठेवलंय."