गर्दीच्या फोटोत हरवलेली वारी

लहानपणापासून दर आषाढात वारीचा फोटो माझ्यासमोर येत आला आहे. आधी तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर असायचा, पुढे वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर दिसू लागला आणि आता दिवसभर मोबाइलवर येत राहतो. चौकटी मात्र ठरलेल्या: दिवे घाटातली नागमोडी रांग, डोक्यावर तुळस घेतलेली आजी, बुक्का लावलेला सुरकुतलेला चेहरा. हे फोटो देखणे आहेत, खरेही आहेत. तरी इतकी वर्षं ते पाहून माझं मत पक्कं झालं आहे की त्यांनी वारीतली गर्दी आपल्या मनावर ठसवली आणि त्या गर्दीला चालवणारी शिस्त नजरेआड केली.

आळंदी ते पंढरपूर हे सुमारे 250 किलोमीटरचं अंतर लाखो माणसं पार करतात, ती शिस्तीच्या बळावर. दिंडीत पुढे पताका, मग टाळकरी, पखवाज, वीणेकरी आणि मागे तुळशी-हंडे घेतलेल्या बाया. माउलींच्या रथापुढे 27 दिंड्या, बाकीच्या मागे, प्रत्येकीचा क्रमांक ठरलेला. हैबतबाबा आरफळकरांनी 19व्या शतकात या सोहळ्याची घडी बसवली, ती आजही टिकून आहे. मुक्कामाच्या तळावर समाजआरतीच्या वेळी ती डोळ्यांनी पाहता येते. टाळांचा गजर चालू असतो, चोपदार दंड उंचावतो आणि सगळा तळ एकदम शांत होतो. ज्या दिंडीचं काही गाऱ्हाणं असेल, ती तेवढी टाळ वाजवत राहते. चोपदार तिथे जाऊन ते ऐकून घेतो, मगच आरती होते. वर गेलेला दंड, थांबलेले असंख्य टाळ आणि एका बाजूला अजून वाजणारे हात, हे सारं एका फोटोत मावतं. तसा फोटो क्वचितच पाहायला मिळतो.

कुणी म्हणेल, फोटोग्राफरने सौंदर्य टिपावं, परंपरेचा अभ्यास त्याच्या माथी कशाला? पण इथे अभ्यासाशिवाय सौंदर्यही हाती लागत नाही. रिंगणात पुढे धावणाऱ्या दोन अश्वांपैकी एकावर स्वार नसतो, तो माउलींचा; त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला लोक झेपावतात. हे ज्याला ठाऊक नाही, तो घोड्यांची शर्यत टिपून परततो. उंचावरून घेतलेल्या फोटोंनाही माझा विरोध नाही. रिंगणाची गोलाई वरूनच उत्तम कळते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: श्रद्धेच्या जागी कॅमेरा हवाच कशाला? नदीत स्नान करणाऱ्या बायांवर लेन्स रोखलेली दिसते, तेव्हा मला तो पूर्ण पटतो. तिथे कॅमेरा खाली ठेवायलाच हवा. पण वाट मोकळी आहे, आणि ज्यांना वारीला जाणं जमत नाही अशा दूरदेशीच्या मराठी माणसांसाठी फोटो हाच वारीशी उरलेला दुवा असतो. तो दुवा निव्वळ देखाव्याचा असू नये.

म्हणून माझी मागणी साधी आहे. वारीच्या प्रत्येक फोटोखाली गाव, तिथी, दिंडीचा क्रमांक आणि समोर काय चाललं आहे, एवढं लिहावं. ते लिहायचं तर फोटोग्राफरला दिंडीसोबत चालावं लागेल, माणसांना विचारावं लागेल, आणि विचारणाऱ्याला नकारही ऐकावा लागतो. असे फोटो साठत गेले, तर शंभर वर्षांनी वारी कशी चालत होती याचा खरा पुरावा आपल्याकडे असेल.