काकूंची दुपार

पुण्यात सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात काकूंना रोज दुपारी झोपायला मिळायचं. ती झोप किती मोलाची होती, हे आजच्या आया पाहताना कळतं.

काकूंचा थोरला मुलगा अंगानं वाढला, पण त्याचं बोलणं चार-पाच शब्दांपुढे गेलं नाही. आम्ही सगळे त्याला दादा म्हणायचो. जेवणं आटोपली की काकू दार लोटून आडव्या व्हायच्या आणि दादा वाड्याच्या स्वाधीन व्हायचा. ओट्यावर शेंगा फोडत बसलेल्या बायका त्याच्यापुढे सूप सरकवायच्या. दादा टरफलं एकामागे एक ओळीनं मांडायचा आणि ती ओळ कुणी मोडत नसे. नळाला पाणी यायची वेळ त्याला घड्याळाशिवाय कळे. त्यानं ‘पानी’ अशी आरोळी ठोकली की वरच्या मजल्यावरच्या बादल्या-कळशा खाली यायच्या. दिंडीदरवाज्यातून तो बाहेर सटकलाच, तर कोपऱ्यावरचा शिंपी मशीन थांबवून त्याला हाताला धरून आणून सोडी. गणपतीच्या आरतीला झांज त्याच्याच हातात असायची. तो तालात वाजवत नसे, आरतीच त्याच्या मागून जायची.

काकूंनी यासाठी कुणाला विनवल्याचं मला आठवत नाही. कुणी त्यांच्यावर उपकार केल्याचं बोलूनही दाखवलं नाही.

त्या वाड्यावर माझा जीव आहे, तरी तिथलं सगळंच गोड नव्हतं. दादाला फीट आली की कुणी कांदा फोडून नाकाशी धरी, कुणी चप्पल हुंगवी. डॉक्टरांच्या आधी नवस आणि अंगारे. ग्रहणात काकूंनी काय चिरलं असेल, याची कुजबुज त्यांच्या कानावर जाईल अशा बेतानं होई. धाकट्या बहिणीची पत्रिका जुळायची आणि घरात असा भाऊ आहे म्हटल्यावर परत यायची. त्याच पुण्यात 1964 साली सिंधूताई जोशींनी अशा मुलांसाठी ‘कामायनी’ ही शाळा सुरू केली होती, पण आमच्या वाड्यात तिचा विषय निघालेला मी ऐकला नाही. दादा शाळेत गेलाच नाही. वाड्यानं त्याला सांभाळलं, जीव लावला. पण स्वतःची बटणं स्वतः लावायला त्याला कुणी शिकवलं नाही, आणि तो शिकला असता असं मला आज खात्रीनं वाटतं.

1991 मध्ये संजय सूरकरांचा ‘चौकट राजा’ हा चित्रपट आला. दिलीप प्रभावळकरांच्या नंदूसाठी आणि सुलभा देशपांडेंनी उभ्या केलेल्या त्याच्या आईसाठी सगळं थिएटर रडत होतं. माझे डोळे भरून आले ते त्या मायलेकांच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या अशोक सराफांच्या गणामुळे. नंदूच्या आईला एक गणा होता. काकूंना वाडाभर गणा होते.

आज मी राहते त्या सोसायटीत एक लहान मुलगा आहे. त्याला ऑटिझम आहे हे तिसऱ्या वर्षीच कळलं. स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी लगेच सुरू झाली. चित्राचं कार्ड पुढे करून तो पाणी मागतो, हात धुतो, सँडलचे पट्टे स्वतः लावतो. ते पट्टे लावताना त्याला पाहिलं की मला दादाची बटणं आठवतात. आता कायदाही या मुलाच्या बाजूनं आहे. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते, 2016 च्या कायद्यात ते 21 झाले आणि ऑटिझमला त्यात जागा मिळाली. 40 टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. ‘निरामय’ योजनेतून एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. काकूंना यातलं काहीच मिळालं नव्हतं, आणि हे मिळवायला ज्यांनी वर्षानुवर्षं कचेऱ्यांचे जिने झिजवले त्यांच्याविषयी मला अपार आदर आहे.

पण या मुलाच्या आईला दुपार नाही. तिनं नोकरी सोडली. तिचा दिवस शाळेचं फाटक, थेरपी सेंटरबाहेरचा बाक आणि घर एवढ्यात संपतो. मुलगा खाली खेळायला आला की बाकीच्या आया आपापल्या मुलांना हळूच दुसऱ्या कोपऱ्यात नेतात. तो रात्री ओरडला तर सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार असते.

तिचा खरा वाडा त्या थेरपी सेंटरच्या बाकावर भरतो. तिथल्या आयांचा वेगळा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. रात्री दोन वाजता ‘आज पुन्हा झोपत नाहीये’ असं तिनं लिहिलं की कुणीतरी जागं असतंच. त्यातली एक हडपसरला राहते, एक नाशिकला, एक थेट न्यू जर्सीला. त्या धीर देतात, औषधांचे अनुभव सांगतात, चांगल्या शाळेचा पत्ता देतात. मूल घटकाभर कडेवर घ्यायला मात्र त्यातलं कुणी येऊ शकत नाही.

आपल्याकडे असे आधार बहुधा पालकांनीच उभे केले. मुंबईत 1944 साली वकील दांपत्यानं आपल्या मुलीसाठी शाळा काढली, तीच आजची जय वकील. 1972 मध्ये मिठू अलूर यांनी स्पास्टिक्स सोसायटी सुरू केली, तीही लेक मालिनीमुळे. डोंबिवलीच्या अमेय पालक संघटनेनं खोणी गावात ‘घरकुल’ हे निवासगृह बांधलं, कारण मुलं मोठी झाली तरी आपल्या मागे त्यांचं कोण, हा प्रश्न उरतोच. राष्ट्रीय न्यासाच्या ‘समर्थ’ योजनेत तर मुलाला काही काळ केंद्रात ठेवून पालकांना उसंत मिळावी हाच विचार आहे. पण असं केंद्र शहराच्या दुसऱ्या टोकाला असलं, तर सगळी उसंत जाण्यायेण्यातच संपते. काकूंच्या दारापासून ओटा चार पावलांवर होता.

म्हणून सोसायटीतल्या त्या मुलाला सांभाळायला शनिवारची दुपार मी त्याच्या आईकडून मागून घेतली. पहिले काही शनिवार ती आमच्याच हॉलमध्ये बसून राहायची, मग घरी जायला लागली. पलीकडच्या विंगेतल्या निवृत्त आजोबांना हे कळलं तेव्हा त्यांनी आपणहून मंगळवार मागितला. मुलाला लिफ्टमधले आकडे वाचायला फार आवडतात. आजोबा त्याला घेऊन तळमजल्यापासून अकराव्यापर्यंत जातात, पुन्हा खाली येतात, आणि मध्ये कुणी लिफ्टमध्ये शिरलं तर त्यांना मजला विचारून बटण त्यालाच दाबायला देतात.