तळ्याकाठची सहल : कोणी कोठे जावे?

दिवाळीची सुट्टी जवळ आली की घरोघरी एकच खल सुरू होतो : यंदा कोठे जावयाचे? कोकणातील मनुष्यास पाण्याची नवलाई ती काय असणार! परंतु आमच्या परभणीकडील मनुष्यास भरलेले पाणी दिसले की त्याचे पाऊल आपोआप थांबते. काळी जमीन, उघडे माळ आणि फाल्गुनापासूनच तापू लागणारे ऊन यांच्या सहवासात ज्यांचे आयुष्य जाते, त्यांच्या सहलीच्या मनोराज्यात एखादा तलाव असावा हे स्वाभाविकच आहे. मात्र चर्चा होते ती 'सर्वांत चांगला तलाव कोणता' या प्रश्नाची. आणि आमच्या मते हा प्रश्नच उलटा मांडलेला असतो. आधी जाणार कोण, हे पाहावे. मग पाणी निवडावे.

घरातील सहलीचा निकाल बहुधा ज्याचा आवाज मोठा त्याच्या मर्जीप्रमाणे लागतो. मग होते काय, की तरुण मंडळी डोंगर उतरून खाली जातात आणि गुडघे दुखणारे आजोबा वरच्या कठड्याशी पिशव्या राखीत बसतात. मुले पाण्याकडे धावतात आणि आईचा सारा दिवस त्यांना हाका मारण्यात जातो. आणि ज्या गृहिणीला चार तास विसावा मिळावा म्हणून घराबाहेर पडावयाचे, तीच तीन दगडांची चूल मांडून धुराने डोळे चोळीत असते. अशा सहलीहून घरी परतल्यावर सर्वांत थकलेले कोण असते, हे प्रत्येकाने आपल्या घरी पाहावे. म्हणून प्रवाशांच्या निरनिराळ्या प्रकृतींस कोणते जलस्थान मानवेल, याचा थोडा विचार येथे करावयाचे आम्ही योजिले आहे.

प्रथम शाळकरी मुलांचे घर घेऊ. त्यांच्यासाठी जिंतूर तालुक्यातील येलदरीसारखे दुसरे स्थळ नाही. अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावणारी पूर्णा नदी येथे 1968 साली पुऱ्या झालेल्या धरणाने अडविली आहे. धरणाची लांबी चार किलोमीटरांहून अधिक, उंची सुमारे 51 मीटर, आणि पूर्ण भरले असता त्यात सुमारे 93 कोटी घनमीटर पाणी मावते. पायथ्याशी साडेबावीस मेगावॅट शक्तीचे वीजगृह आहे. भूगोलाच्या पुस्तकात जे मूल धरण, कालवा, जलविद्युत हे शब्द घोकून पाठ करते, त्यास ते शब्द येथे डोळ्यांनी पाहावयास मिळतात. वीजगृहात वापरून झालेले पाणी वाया जात नाही. ते खाली सिद्धेश्वरच्या धरणात साठते आणि तेथून कालव्यांनी शेतांत जाते. एकच पाणी आधी दिवा लावते आणि मग गहू पिकविते, ही गोष्ट मुलास एकदा समजली की सहलीचा खर्च वसूल झाला म्हणावयास हरकत नाही. धरणावर किंवा वीजगृहाजवळ जावयाचे असल्यास मात्र तेथील अधिकाऱ्यांची परवानगी आधी विचारावी. ती सर्व जागा काही बागेसारखी मोकळी नाही.

वृद्ध आणि भाविक मंडळींची गोष्ट निराळी. त्यांना पाण्याच्या विस्तारापेक्षा पाण्याचे पावित्र्य अधिक प्रिय. त्यांनी परभणी-परळी लोहमार्गावरील गंगाखेड गाठावे. गोदावरीस इकडील लोक गंगाच म्हणतात, आणि संत जनाबाईचे हे गाव. घाटावर स्नान, जनाबाईचे दर्शन आणि त्यानंतर त्याच तालुक्यातील मासोळीचा जलाशय, असा बेत केला म्हणजे दगदग न होता दिवस सार्थकी लागतो. ज्यांना आणखी थोडे पुढे जाणे शक्य असेल त्यांनी औंढा नागनाथ आणि सिद्धेश्वर यांची जोड करावी. 1 मे 1999 रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि ही दोन्ही स्थाने कागदावर परभणीची राहिली नाहीत. परंतु जिल्ह्याची सीमा बदलली म्हणून देवाच्या वाटा बदलत नाहीत. सकाळी ज्योतिर्लिंगाचे दर्शन घ्यावे, मंदिराच्या बाह्यांगावरील शिल्पे सावकाश पाहावी, आणि उन्हे कलल्यावर सिद्धेश्वरच्या पाण्याकडे जावे. हा क्रम उलटा केल्यास वृद्धांना भर दुपारी तापल्या फरशीवरून अनवाणी चालावे लागते, एवढे ध्यानात ठेवावे.

इतिहासाची आवड असणाऱ्या प्रवाशास आमची सूचना थोडी विचित्र वाटेल. त्याने मोठा तलाव पाहावा, पण त्याच दिवशी लहान पाणीही पाहावे. सेलू तालुक्यात दुधना नदीवर निम्न दुधना प्रकल्पाचा जलाशय आहे. त्याच तालुक्यात वालूर येथे चक्राकार पायऱ्यांची बारव आहे. जिंतूरहून मंठ्याकडे जाताना लागणारे चारठाणा हे गाव तर जुनी मंदिरे आणि बारव यांसाठी प्रसिद्धच आहे. यंत्रे नव्हती त्या काळी पायरीपायरीने पाण्यापर्यंत उतरण्याची सोय आपल्या पूर्वजांनी किती विचाराने केली होती, हे बारवेच्या तळाशी उभे राहिल्याशिवाय कळत नाही. मोठ्या धरणाने प्रदेश भिजतो. बारवेने एक गाव जगत असे. दोन्ही पाहिल्यावर दोहोंचाही आदर वाढतो.

पक्षिनिरीक्षकाने आणि एकांतप्रिय मनुष्याने गर्दीचे दिवस टाळून मार्गशीर्ष-पौषात येलदरीच्या किंवा सिद्धेश्वरच्या काठी पहाटे जावे. त्या सुमारास आमच्याकडे थंडी चांगलीच कडक असते. परभणीत पारा पाच-सहा अंशांच्याही खाली उतरल्याचे दाखले आहेत. तेव्हा घोंगडी बरोबर असू द्यावी. ज्यास हाच छंद मोठ्या प्रमाणावर पुरवावयाचा असेल त्याने दोन दिवसांची सवड काढून पैठणचा नाथसागर गाठावा. जायकवाडीचे हे धरण 1976 साली पुरे झाले, 1986 मध्ये त्या परिसरास पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला, आणि हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे तेथे उतरतात. त्याच धरणाचा डावा कालवा आमच्या जिल्ह्यापर्यंत येतो. म्हणजे ज्या पाण्यावर आपण पक्षी पाहतो त्याचाच एखादा पाट आपल्या गावाशेजारून वाहत असतो.

राहिला तरुण आणि जिज्ञासू प्रवासी. त्याने बुलढाणा जिल्ह्यातील लोणार पाहिल्यावाचून राहू नये. परभणीहून जिंतूर-मंठामार्गे पहाटे निघाल्यास रात्री घरी परतता येते. उल्कापाताने बेसाल्ट खडकात झालेले हे विवर सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे आहे. त्याच्या तळाशी खारे, क्षारयुक्त पाणी आहे. जून 2020 मध्ये या पाण्याचा रंग गुलाबी झाला आणि सूक्ष्म जीवांमुळे तसे घडले असे संशोधकांस आढळून आले. त्याच वर्षी नोव्हेंबरात या सरोवरास रामसर पाणथळ स्थळांच्या यादीत स्थान मिळाले. पण लोणार म्हणजे चढउताराचे काम. खाली उतरणे सोपे, वर येताना दम लागतो. ज्यांना हृदयविकार किंवा संधिवात आहे त्यांना काठावरूनच सरोवर दाखवावे, आणि गावातील दैत्यसूदन मंदिरात त्यांचा वेळ आनंदात जाईल अशी व्यवस्था करावी. 'तुम्ही येथेच थांबा' असे सांगून त्यांना सामानाजवळ बसविणे यास आम्ही व्यवस्था म्हणत नाही.

सर्वांचीच प्रकृती एका घरात एकत्र आली असता काय करावे? आमचे उत्तर असे की, मंडळींत जो सर्वांत अशक्त असेल त्याच्या पावलांनी स्थळ निवडावे. धट्ट्याकट्ट्यांना लोणारला पुन्हा जाता येईल. आजीला गंगेचा घाट पुन्हा किती वेळा दिसणार, हे कोणास सांगता येत नाही. आणि गृहिणीच्या बाबतीत एक नियम घरात घालून घ्यावा : सहलीच्या दिवशी काठावर चूल पेटवावयाची नाही. आदल्या संध्याकाळी सर्वांनी मिळून दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी एवढे केले की दिवस निभतो. दह्याचा एक डबा बरोबर घेतला की मेजवानीच. फराळाची भांडी परत आल्यावर पुरुषांनी घासली तर कोणाची प्रतिष्ठा कमी होत नाही.

आता काळाविषयी. धरण दरवर्षी भरतेच असे नाही. येलदरीच्या वर पूर्णेच्याच खोऱ्यात खडकपूर्णा प्रकल्प आहे. तेथे किती पाणी अडले आणि पाऊस कोठे पडला यावर खालच्या जलाशयाचे भवितव्य ठरते. म्हणून निघण्यापूर्वी पाणीसाठा किती आहे याची चौकशी करावी. भाद्रपद ते पौष हा काळ उत्तम. वैशाखात जाणाऱ्यास पाणी दूर गेलेले आणि उघड्या पडलेल्या गाळात कोणी गाळपेराचे पीक घेतलेले दिसेल. तेही पाहण्यासारखे आहे. मात्र ते पाहावयास सकाळी नऊच्या आतच जावे.

सर्वांत महत्त्वाची सूचना शेवटी देतो, कारण ती विसरली जाऊ नये. धरणाचे पाणी पोहण्याचे नाही. नदीच्या घाटाला पायऱ्या असतात. जलाशयाच्या तळाशी जुनी विहीर, खदान किंवा नदीचे पात्र कोठे आहे हे वरून दिसत नाही. काळ्या मातीचा गाळ वरून सुकलेला दिसतो आणि आत पाय गुडघ्यापर्यंत धरून ठेवतो. धरणाच्या खालच्या अंगास, पाणी सोडले असता, कोरडे पात्र थोड्या वेळात वाहू लागते. दरवर्षी सुट्टीच्या दिवसांत बुडून मेलेल्या मुलांच्या बातम्या वर्तमानपत्रांत येतात, आणि त्यांत पोहता येणारी मुलेही असतात. तेव्हा मुलांचा हात धरण्याचे काम एका मोठ्या माणसाकडे नेमून द्यावे; ते काम सर्वांचे असले म्हणजे कोणाचेच राहत नाही.

आणि एक गोष्ट मनात असू द्यावी. ही तळी आपल्या करमणुकीसाठी बांधली गेली नाहीत. त्यांच्या तळाशी कोणाची शेते आहेत, कोणाच्या घरांची जोती आहेत. त्यांच्या पाण्यावर खाली हजारो एकरांची रबी उभी राहते, शहरांची तहान भागते, आणि काठचे मासेमार कुटुंब चालवितात. अशा पाण्याशेजारी आपण चार घटका बसतो ते पाहुणे म्हणून. पाहुण्याने उष्ट्या पत्रावळी आणि प्लास्टिकच्या पिशव्या यजमानाच्या अंगणात टाकू नयेत, हे आमच्या सुशिक्षित वाचकांस निराळे सांगावयास नको. घरी परतल्यावर नळाखाली घागर भरताना मुलाने 'हे पाणी येलदरीचे का?' असे विचारले, आणि ती भरल्यावर नळ आपण होऊन बंद केला, तर स्थळाची निवड बरोबर झाली असे खुशाल समजावे.