ओगराळं

लातूरकडच्या आमच्या घरात पिण्याच्या पाण्याचं ओगराळं खुंटीला टांगलेलं असे. पितळी, लांब दांड्याचं, टोक आकड्यासारखं वळवलेलं. त्याच्याखाली तिवईवर दोन घागरी आणि कोपऱ्यात अर्धा जमिनीत पुरलेला रांजण. रांजणातलं वापरायला, घागरीतलं प्यायला. घागरीत हात घालणाऱ्याला आजीचा रपाटा ठरलेला. तांब्या बुडवला तरी तेच. तांब्याचं बूड कुठं कुठं टेकून आलंय ते देवाला ठाऊक, असं ती म्हणायची.

घागरीच्या तोंडाला जुन्या लुगड्याचं चौपदरी फडकं. पाणी बारवेचं, त्यामुळे गाळल्याशिवाय घरात यायचं नाही. गाळायला नवं कापड तिला चालत नसे, धुऊन धुऊन मऊ झालेलंच हवं. तो तिचा हट्ट वाटायचा. पुढे कधीतरी रिटा कोलवेल या शास्त्रज्ञ बाईंच्या संशोधनाबद्दल वाचलं. बांगलादेशातल्या मतलब भागात त्यांनी बायकांना जुनी सुती साडी चार-आठ पदरी करून पाणी गाळायला सांगितलं आणि पटकीचं प्रमाण जवळपास निम्म्यानं उतरलं. २००३ साली ते प्रसिद्ध झालं. पटकीचा जंतू एकटा असला तर कापडातून सहज निसटतो, पण तो पाण्यातल्या बारीक जीवांना चिकटून राहतो आणि ते जीव मात्र अडकतात. जुन्या साडीचे धागे सुटून पसरलेले असतात, म्हणून तिची भोकं नव्यापेक्षा बारीक. नारूचंही तसंच. पायऱ्यांच्या विहिरीत माणूस पाय बुडवून उतरला की त्याच्या जखमेतून नारूच्या अळ्या पाण्यात पडत, तिथल्या सायक्लॉप्स नावाच्या बारीक जीवांमध्ये शिरत आणि पिणाऱ्याच्या पोटात जात. त्या रोगावर ना लस निघाली ना नेमकं औषध. गाळणी, विहिरींची डागडुजी, हातपंप अशा साध्या उपायांनी तो हटला. २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला.

आजीला यातलं काही माहीत नव्हतं. तिचं कारण सोवळ्याचं होतं, आणि ते मला आजही सलतं. ज्या ओगराळ्यानं आम्हाला भांड्यात पाणी मिळे, त्याच ओगराळ्यानं ती अंगणात उभ्या असलेल्या काही माणसांच्या ओंजळीत वरून धार धरायची. हात घागरीला लागू नये हा नियम चांगलाच, पण कुणाचा हात, हा प्रश्न आला की तो नियम आरोग्याचा राहत नाही. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरच्या माणसांनी प्यायलं. त्यानंतर सनातन्यांनी तळं ‘शुद्ध’ करायला शेण, गोमूत्र, दूध, दह्याच्या १०८ घागरी त्यात ओतल्या. पाण्याच्या शुद्धीकरणाचा याहून उलटा प्रयोग मला माहीत नाही. जंतूला जात कळत नाही. माझा हात आणि अंगणातल्या माणसाचा हात त्याला सारखाच.

गावच्या आडात ग्रामपंचायत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकू लागली तेव्हा वासावरून आरडाओरडा झाला. आजीनं आठवडाभर दुसऱ्या आडाचं पाणी आणवलं. जलसुरक्षक मात्र काचेच्या नळीत पाणी घेऊन त्यात ओटीचे, म्हणजे ऑर्थोटोलिडीनचे, थेंब टाकायचा आणि पिवळा रंग आला की खूश व्हायचा. पिवळा म्हणजे पाण्यात क्लोरीन अजून शिल्लक आहे. त्या शिल्लक राहण्यातच सगळी गंमत आहे. औषध टाकून अर्धा तास थांबायचं. तेवढ्या वेळात जंतू मरतात, आणि उरलेलं क्लोरीन पुढे घरी भांड्यात पडणाऱ्या नव्या जंतूंवर राखण करतं. उकळलेल्या पाण्याला अशी राखण नसते. उकळी फुटल्यावर एखादा मिनिट पुरतो, आमच्याकडे पातेलं वीस-वीस मिनिटं खदखदत ठेवत आणि मग त्यात पेला बुडवत!

२०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं. लातुरात टँकर भरायच्या जागांपाशी जमावबंदी लागली, आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. तिच्या बातम्या सगळ्यांनी पाहिल्या. घराघरांतली पिंपं कुणी पाहिली नाहीत. भावाच्या घरात न्हाणीपासून जिन्यापर्यंत पिंपंच पिंपं. भिंतीवर आरोग्य खात्याचं पत्रक : आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, भांडी रिकामी करून घासा. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडेपर्यंत आठ-दहा दिवस लागतात, म्हणून हा सल्ला. पण पाणीच जिथं आठवड्यात येत नाही तिथं पिंप रिकामं कुणी करायचं? वहिनीनं वाद घातला नाही. प्रत्येक पिंपाच्या तोंडाला जुनी साडी ताणून दोरीनं आवळली, आणि पिंप संपलं की आतून काथ्यानं घासलं. हे घासणं फार महत्त्वाचं. अंडी पाण्याच्या कडेला, भिंतीवर चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात. नुसतं ओतून दिल्यानं काही होत नाही.

लातूरला पाणी पाठवणाऱ्या सांगली जिल्ह्याची पाळी २०१९ च्या ऑगस्टमध्ये, महापुरात आली. धाकटी बहीण सांगलीत, वरच्या मजल्यावर. खाली कृष्णा, घरात नळाला थेंब नाही. फोनवर म्हणाली, “ताई, खिडकीतून हात घातला तर पाणी लागेल, पण पिऊ काय?” गच्चीवर तिनं पावसाचं पाणी धरलं होतं, शेजारच्यांनी पुराचं उपसून तुरटी फिरवली होती. तुरटीनं पाणी नितळ दिसतं, तेवढंच. गाळ बसतो, जंतू उरतात. गढूळ पाण्यात थेट मेडिक्लोर, म्हणजे क्लोरीनचं औषध, टाकलं तर गाळच ते खाऊन टाकतो. म्हणून आधी गाळायचं, निवळू द्यायचं, वरचं नितळ काढून मग औषध. आणि पुरात डिझेल, खतं, फवारणीची औषधं मिसळलेली असली तर यातलं काहीच उपयोगाचं नाही, उकळूनही ती जात नाहीत. तिला मी पावसाच्याच पाण्यावर राहायला सांगितलं.

पुण्यात माझ्या ओट्यावर आरओ आहे. वीज गेली की तो भिंतीवरची शोभा. शिवाय तो क्लोरीनही काढून टाकतो, त्यामुळे त्यातलं पाणी पातेल्यात उघडं राहिलं तर साध्या नळाच्या पाण्याआधी बिघडतं. हे सांगितलं की मुलगा म्हणतो, आई, जार मागवू की, दहा मिनिटांत येतो. सांगलीत त्या दिवसांत फक्त बोट येत होती.

प्यायला माणशी दिवसाला तीन लिटर धरले तर चौघांना तीन दिवसांचे छत्तीस, म्हणजे जेमतेम दोन जार. एवढी जागा कुठल्याही घरात निघते. मी अरुंद तोंडाचे, तोटीचे घेतलेत. तोटी आल्यावर ओगराळं लागत नाही, आणि त्याबद्दल मला हळहळ नाही. हात घालायला जागाच नाही ही सोय रपाट्यापेक्षा बरी. आजीचं ओगराळं भावाकडे आहे, सणावाराला कढी वाढायला.

बहिणीनंही तसेच जार वरच्या खोलीत ठेवलेत, अंधाऱ्या कोपऱ्यात, तारखेची चिठ्ठी लावून. दर सहा महिन्यांनी पाणी बदलते. पूर नाही आला तर नाही, म्हणते, जिना तरी धुतला जातो.