एवढ्यात निकाल नको

दहावीचा निकाल लागला की पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांवर शिक्का बसतो. भरपूर मार्कांचा तो सायन्सला, मधला कॉमर्सला आणि उरलेला आर्ट्सला. आवडीने कला शाखेत आलेल्या मुलीलाही ‘मार्क कमी पडले का गं?’ हा प्रश्न चुकत नाही. कनिष्ठ महाविद्यालयात मी अनेक वर्षं मानसशास्त्र शिकवलं. अकरावीच्या पहिल्या आठवड्यात ‘हा विषय का घेतलास?’ असं विचारलं की उत्तरं ठरलेली असत. विषय स्कोअरिंग आहे, समोरच्याच्या मनातलं ओळखता येतं म्हणतात, काउन्सेलर व्हायचंय. एखादी मुलगी मात्र उत्तर न देता वहीत बघत राही. तिचं कारण मी कधी खोदून विचारलं नाही.

मनातलं ओळखायला हा विषय शिकवत नाही, हे पहिल्याच तासाला सांगावं लागतं. मग तो शिकवतो काय? माझं मत असं, की माणसाबद्दल निकाल देण्याआधी थांबायला शिकवतो. आणि हे शिकायला सोळा-सतरा वर्षांचं वय अगदी योग्य, कारण त्या वयात मुलं दुसऱ्याचा आणि स्वतःचा निकाल फार झटपट लावतात.

फळ्यावर दोन सारख्या लांबीच्या रेघा काढायच्या. एकीच्या टोकांना बाणाची टोकं आत वळलेली, दुसरीच्या टोकांना बाहेर. म्युलर-लायरने १८८९ मध्ये मांडलेला हा दृष्टिभ्रम शिकवायला खडू आणि पट्टीखेरीज काही लागत नाही. ‘दुसरी मोठी,’ वर्ग एका सुरात सांगतो. मग एकाला पुढे बोलावून मोजायला लावायचं. रेघा सारख्या भरतात. खरी गंमत त्यानंतर आहे: मोजून झाल्यावरही डोळ्यांना दुसरीच मोठी दिसत राहते. आपली चूक कळली म्हणून दिसणं बदलत नाही. ‘मला स्वतःला दिसलं ना!’ या खात्रीला वर्गातला हा पहिला तडा. दोन दिवसांनी एखादा मुलगा येऊन सांगतो, ‘मॅडम, माणसांच्या बाबतीतही असंच होत असेल ना?’ पट्टी कुठली वापरायची, हा पुढचा प्रश्न. त्यासाठीच निरीक्षण, प्रयोग, चाचणी ही सगळी खटपट.

पण मला सर्वांत जास्त वेळ घालवावासा वाटायचा तो बुद्धिमत्तेच्या धड्यावर. पुस्तकात बुद्ध्यंक काढायचं सूत्र असतं, मुलं ते पाठ करतात, परीक्षेत गुण मिळतात. त्यामागची हकिगत सांगितली की वर्ग वेगळा ऐकू लागतो. पॅरिसच्या शाळांत मागे पडणाऱ्या मुलांना वेगळी मदत देता यावी, म्हणून आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमोन यांनी १९०५ मध्ये आपली चाचणी तयार केली. हेतू मदतीचा होता. बुद्धी म्हणजे जन्मतः ठरलेली, कधीच न वाढणारी गोष्ट, असं मानणाऱ्यांना बिनेने ठाम विरोध केला होता. तरी काही वर्षांतच हीच चाचणी अमेरिकेत गेली आणि हेन्री गॉडार्डसारख्यांनी तिच्या आधारे न्यूयॉर्कच्या बंदरात उतरलेल्या गरीब स्थलांतरितांना मंदबुद्धी ठरवलं. बोटीच्या प्रवासाने थकलेल्या, परकी भाषा, परका देश बघून बावरलेल्या माणसांना!

आपल्याकडचा दाखला मला जास्त जवळचा वाटतो. १९३०च्या दशकात व्ही. व्ही. कामत यांनी बिनेच्या चाचणीचं मराठी आणि कानडी मुलांसाठी रूप घडवलं. ‘बिने-कामत’ हे नाव आजही चाचण्या घेणाऱ्यांच्या तोंडी असतं. असं काम नुसत्या भाषांतराने भागत नाही. मूल कुठल्या घरात वाढलं, त्याने काय पाहिलं, कुठल्या वस्तू हाताळल्या, यावर त्याचं उत्तर ठरतं. प्रश्न बदलावे लागतात, इथल्या मुलांवर ताडून बघावे लागतात. हे ऐकताना वर्गात एक शांतता पसरते. मार्कांच्या आकड्यावरून घरात ‘ढ’ ठरलेलं मूल पहिल्यांदा विचार करतं, की तो आकडा नेमकं काय मोजत होता, कुणी ठरवला होता आणि कशासाठी. त्या मुलाचे गुण एकदम वाढत नाहीत. पण मान वर होते. मी ती वर होताना पाहिली आहे, आणि त्यासाठी हा विषय प्रत्येक गावाच्या महाविद्यालयात असावा असं मला मनापासून वाटतं.

बारावीत मानसिक विकृतींचा धडा येतो तेव्हा मात्र शिकवणाऱ्याची कसोटी लागते. लक्षणांची यादी वाचता वाचता निम्म्या वर्गाला ती सगळी स्वतःत दिसू लागतात. काही पालक म्हणतात, इतक्या कोवळ्या वयात हे शिकवूच नये. मला ते पटत नाही. डिप्रेशन, ओसीडी हे शब्द मुलांच्या कानावर मोबाइलवरून रोज पडतातच. वर्गात निदान त्यांचं वजन कळतं. उदासी जवळपास रोज आणि निदान दोन आठवडे टिकली का, झोप, भूक, अभ्यास, माणसांत मिसळणं यांवर तिचा परिणाम झाला का, हे बघावं लागतं. आणि तेही प्रशिक्षित माणसाने. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ हा चित्रपट मुलांना दाखवला, की स्किझोफ्रेनिया म्हणजे दुभंगलेलं व्यक्तिमत्त्व ही समजूत गळून पडते. आजाराबरोबर आजारी भावाची बहीणही मुलांना दिसते.

तासानंतर कुणीतरी दाराशी रेंगाळतं. ‘मॅडम, माझ्या एका मैत्रिणीबद्दल विचारायचं होतं.’ ती मैत्रीण बऱ्याचदा समोर उभी असते. अशा वेळी शिक्षकाने उपचारक व्हायचं नाही. ऐकून घ्यायचं, एकटं सोडायचं नाही आणि योग्य ठिकाणी पोचवायचं. मी फळ्याच्या कोपऱ्यात सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक लिहून ठेवत असे आणि तो पुसू नका असं सांगत असे.

बारावीनंतर या वाटेने पुढे जाणारी मुलं थोडी. चिकित्सक मानसशास्त्रज्ञ व्हायचं तर पदवी, पदव्युत्तर शिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेलं प्रशिक्षण, एवढा लांबचा पल्ला आहे. बाकीची मुलं दुकानात, शेतात, पोलिसांत, बँकेत जातात, आई-वडील होतात. मला त्यांचीच जास्त काळजी आहे, कारण उद्या दुसऱ्याचा निकाल लावायची वेळ सर्वांत जास्त त्यांच्यावरच येणार.

म्हणून हा विषय शिकवणाऱ्या मित्रमैत्रिणींना एवढीच विनंती: प्रकल्प नकलून आणू देऊ नका. मुलांना रेघा मोजू द्या, चाचणीला स्वतः बसू द्या, आपलीच उत्तरं तपासू द्या. आणि पालकहो, तुमच्या मुलीने अकरावीला मानसशास्त्र घ्यायचं म्हटलं, तर मार्क कमी पडले का, असं तिला विचारू नका.