मुलाम्याखालचे कांसे

शिडाच्या जुन्या बोटीत सुकाणूचा लाकडी दांडा हाती धरला की पाण्याचा दाब थेट तळहाताला जाणवतो. हा दांडा आणि खाली पाण्यात उतरणारा सुकाणूचा उभा दंड यांना जोडणारे ओतीव धातूचे एक टोपण असते. मुठीहून थोडेसे मोठे. पण वारा पिसाळला की सबंध बोटीची दिशा, आणि बोटीत बसलेल्यांचा जीव, त्याच्याच हवाली असतो. आमची बोट ‘पिअर्सन ट्रायटन’ जातीची, साडेअठ्ठावीस फुटांची. कार्ल अल्बर्ग यांनी आखलेली ही जात १९५९ साली न्यूयॉर्कच्या नौकाप्रदर्शनात प्रथम लोकांपुढे आली. गेल्या हिवाळ्यात चेसापीक उपसागरातून बोट जमिनीवर घेतली, तेव्हा हे टोपण उतरवून घरी आणले. दांडा दोन बोटे सरकला तरी सुकाणू हलत नसे, आणि कुणा पूर्वीच्या मालकाने चढवलेला क्रोमचा मुलामा ठिकठिकाणी फुगून उडाला होता.

वरचे रूप पाहण्याआधी आतला धातू पाहणे आवश्यक होते. बोटीच्या बाजारात ‘ब्राँझ’ या एकाच नावाखाली फार वेगवेगळे धातू विकले जातात. सिलिकॉन ब्राँझमध्ये सुमारे ९६ टक्के तांबे असते. ‘मँगनीज ब्राँझ’ मात्र नावापुरतेच ब्राँझ. त्यात सुमारे ४० टक्के जस्त, म्हणजे खरे तर ते पितळच. खाऱ्या पाण्यात त्यातील जस्त हळूहळू झिरपून जाते आणि मागे तांब्याचा सच्छिद्र, ठिसूळ सांगाडा उरतो. आपल्याकडे पितळेचे भांडे चिंचेत फार वेळ राहिले की लालसर दिसू लागते, त्याचेच हे उग्र रूप. आकार जसाच्या तसा राहतो, बळ तेवढे जाते. आतल्या बाजूस, जिथे मुलामा कधी चढलाच नव्हता, तिथे मी कानस फिरवली. गुलाबी छटा दिसली असती तर ते टोपण भंगारात गेले असते. पिवळा, घट्ट धातू चमकला, आणि घरातील सर्वांनी सुटकेचा श्वास सोडला.

झीज होती ती बोल्टच्या भोकात आणि चावीच्या खाचेत. भोक लांबट झाले होते. लेथवाल्याने ते मोठे करून त्यात ब्राँझचा बुश दाबून बसवला, खाच सरळ केली आणि तिच्या मापाची नवी चावी घडवली. खर्च नव्या टोपणाहून फारसा कमी आला नाही; तरी ज्या वस्तूत अजून साठ वर्षांची ताकद आहे ती टाकून देणे मला पटत नाही.

मग प्रश्न आला चकाकीचा. क्रोमची जी चमक आपण पाहतो तिचे श्रेय बहुतांशी खालच्या निकेलच्या थराचे. वरचा क्रोम मायक्रॉनच्याही अंशाइतका पातळ असतो. पारंपरिक पद्धतीत तो षट्संयुजी क्रोमियमच्या कुंडात चढवतात, आणि त्याच्या वाफारलेल्या तुषारांनी कामगारांना फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. जुना मुलामा उतरवतानाही विषारी द्रावण उरतेच. मात्र ते एकदाच. मी तो उतरवून घेतला आणि पुन्हा चढवला नाही.

उघडे कांसे आरशासारखे घासायचे म्हणून बफिंगची वडी आणली होती. माझ्या मुलाने ती हातात घेऊन विचारले, “बाबा, हे घट्ट कशाने बांधलंय?” चौकशी केली, तेव्हा उत्तर मिळाले: गुरांच्या चरबीने. या धंद्यात ते सर्रास चालते. वनस्पतिजन्य वड्याही मिळतात, पण विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. वडी वेष्टनातच परत गेली. पाण्यात वापरायच्या पॉलिश पेपरचे कण कृत्रिम राळेने चिकटवलेले असतात, कारण जनावरांच्या कातड्यापासून काढलेला जुना सरस पाण्यात विरघळतो. तेव्हा २२० पासून ६०० पर्यंतचे पेपर, खडूची बारीक पूड आणि खनिज तेल यांवरच काम भागवले.

गृहस्थाला आरंभी हिंसा पूर्णपणे टाळता येत नाही, हे आपले शास्त्रही मान्य करते. पण बारा व्रतांमध्ये अनर्थदंडविरती आहे, ती प्रयोजनाविना घडणाऱ्या पापासाठी. बुश बसवण्याला प्रयोजन होते. कुणाच्या तरी चरबीने आरसा करण्याला कोणते होते, हे मला शोधूनही सापडले नाही. (बोटीच्या तळाला शंखशिंपले चिकटू नयेत म्हणून लावायच्या ताम्रयुक्त रंगाचा प्रश्न याहून कठीण आहे. त्यावर आमच्या घरात अजून एकमत नाही.)

एप्रिलमध्ये टोपण जागेवर बसले. आता दांडा केसभर हलला तरी सुकाणू उत्तर देते. पहिल्या महिन्यात धातू तांबूस तपकिरी झाला, आणि आता सांध्यांपाशी हिरवट झाक येऊ लागली आहे. हा थर घट्ट बसला की खालच्या धातूची झीज मंदावते. शेजारच्या बोटीचे वयस्कर मालक दर रविवारी पॉलिशचा डबा पुढे करतात. मुलगा डबा हातात घेतो, त्यावरची बारीक अक्षरे वाचतो आणि आभार मानून परत देतो.